मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना नेमकं काय बदललं?

कणकवलीकर: आजोबा म्हणायचे, सेकंड क्लासला गादी दिली ती नाना दंडवत्यांनी. खरंच, की आपल्या कोकणी माणसाचं कौतुक?

निवृत्त_गार्ड: खरंय रे बाबा. आधी थ्री टियरला नुसती लाकडी फळी. मुंबईहून निघालं की नागपूर येईस्तोवर बरगड्या बोलायला लागायच्या. १९७७ला जनता सरकारात ते आले नि दोन इंच फोम बसवायचं ठरलं. त्याच डिसेंबरात गीतांजली एक्स्प्रेस सुटली, मुंबई ते हावडा, फर्स्ट क्लासचा डबाच नाही! पण आम्हा रेल्वेवाल्यांना विचारशील तर १९७४च्या संपात बडतर्फ झालेल्यांना परत घेतलं, ते मोठं. आमच्या शेजाऱ्याला कामावर रुजू व्हायचं पत्र आलं, तेव्हा वहिनींनी आधी वाण्याची उधारी फेडली, मग पेढे. गाद्यांचंच सगळे बोलतात, याचं कुणी काढत नाही.

राजापूरची_माई: आणि कोकण रेल्वे?

निवृत्त_गार्ड: माई, ती तुम्हीच सांगायला हवी! महामंडळ १९९०ला झालं, तेव्हा नाना अर्थमंत्री नि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. पैसा आणि रूळ, दोन्ही समाजवाद्यांच्या हातात.

राजापूरची_माई: हो, नि पुढच्याच वर्षी आम्ही त्यांना पाडलं. १९७१पासून पाचदा निवडून दिलेला माणूस. माझे सासरे आठवडाभर पारावर भांडत होते.

कणकवलीकर: आभार काका. ते आधी प्राध्यापक होते ना?

निवृत्त_गार्ड: सिद्धार्थ कॉलेजात. फिजिक्सचे.