बोअर आणि मनपाची लाइन एकाच टीला (तीन तोंडांच्या जोडाला) जोडलेली आहे. उलटं पाणी रोखायला नेमकं काय बसवावं?

मानेवाडा_सोसायटी
नमस्कार मंडळी. नागपुरात मानेवाड्याकडे आमची २० फ्लॅटची सोसायटी आहे. खाली संप (जमिनीखालची टाकी), गच्चीवर टाक्या, आवारात बोअर. बिल्डरने बोअरची लाइन आणि मनपाच्या नळाची लाइन संपच्या आधीच एका टीला जोडून मध्ये एक व्हॉल्व्ह ठेवला आहे. उन्हाळ्यात नळाची धार बारीक झाली की वॉचमन व्हॉल्व्ह फिरवून बोअर सुरू करतो. आता बाजूच्या दोन घरांची तक्रार आहे की सकाळी त्यांच्या नळाला सुरुवातीला खारट पाणी येतं. त्यांच्याकडे बोअर नाही. आमचा प्लंबर म्हणतो, "एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, टाकून देतो, विषय संपला." सभेत खर्च मंजूर करून घ्यायचा आहे. एनआरव्ही पुरेल का? कोणता घ्यावा?

वऱ्हाडी_पोट्टा
भाऊ, तो टी पहिले काढून फेका. आमच्या गल्लीत बी असंच होतं. लेकरं हगवणीनं पडली तवा कोठं सगळ्याइले समजलं. एनआरव्हीच्या भरवशावर राहू नका जी, त्याच्यात रेती अडकते न मंग झाकण बसतच नाही.

निवृत्त_उपअभियंता
पाणीपुरवठ्याच्या कामात माझी नोकरी गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. शेजाऱ्यांच्या नळाला खारट पाणी येतं ही गोष्ट फार गांभीर्याने घ्या. तुमच्या बोअरचं पाणी मीटरमधून उलटं बाहेर पडून सार्वजनिक लाइनमध्ये जात असावं. आज ते फक्त खारट आहे. उद्या पावसात बोअरमध्ये गडरचं (गटाराचं) पाणी झिरपलं तर तेच पाणी त्याच वाटेने त्या घरांतल्या लेकरांच्या पेल्यात जाईल.

पाणी उलटं जायची कारणं दोन. पहिलं, तुमच्या बाजूचा दाब लाइनपेक्षा जास्त होणं. दर १० मीटर उंचीला साधारण १ किलो दाब लागतो. बोअरचा सबमर्सिबल पंप खोलातून पाणी उपसून वर फेकतो, त्याच्यापुढे उन्हाळ्यातल्या गल्लीच्या लाइनचा दाब काहीच नाही. टीमधला व्हॉल्व्ह थोडा गळका असला किंवा वॉचमन बंद करायला विसरला, की पाणी कमी दाबाच्या बाजूला पळणारच. दुसरं कारण, लाइनमध्येच पोकळी तयार होणं. पुरवठा बंद झाला, उताराकडच्या घरांनी नळ सोडले, कुणी टिल्लू पंप (थेट लाइनमधून पाणी ओढणारा छोटा पंप) लावला किंवा मोठी पाइपलाइन फुटली, तर चढावरच्या पाइपात दाब उणा होतो. मग ती पाइप जिथे तोंड सापडेल तिथून ओढते. बादलीत बुडवलेला रबरी पाइप, संपच्या पाण्यात बुडालेलं नळाचं तोंड, नालीतून नेलेल्या जोडणीची भेग, सगळंच.

आता एनआरव्ही. त्यात एक झडप असते. रेतीचा कण, गंज किंवा झिजलेलं रबर तिला अर्धवट उघडं ठेवतं, आणि बाहेरून ते कुणाला दिसत नाही. दोन झडपांची जोडी असते, तपासायला नळ्या दिलेल्या असतात, ती बरी. त्याहून वरचा प्रकार म्हणजे दोन झडपांच्या मधे दाब कमी करणारा कप्पा, ज्यातून गळकं पाणी लाइनमध्ये न जाता बाहेर सांडतं. हॉस्पिटल, प्रयोगशाळा, रसायन वापरणारे कारखाने यांना तो योग्य. पण तो दरवर्षी तपासावा लागतो आणि पाणी साचेल अशा खड्ड्यात बसवता येत नाही. सोसायटीत हे सांभाळणार कोण?

फिनलंडमधल्या नोकिया गावाचं उदाहरण मी नेहमी देतो. नोव्हेंबर २००७ मध्ये तिथल्या सांडपाणी केंद्रात पिण्याच्या पाण्याची लाइन आणि प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याची लाइन यांच्यामध्ये होता फक्त एक व्हॉल्व्ह. तो उघडला गेला आणि सुमारे साडेचार लाख लिटर सांडपाणी गावाच्या नळांत शिरलं. हजारो लोक आजारी पडले. सगळी आधुनिक यंत्रणा असलेल्या देशातली ही गोष्ट. तुमच्या टीची रचना अगदी हीच आहे.

म्हणून माझा सल्ला: दोन्ही लाइन पूर्ण वेगळ्या करा. मधला तुकडा कापा आणि दोन्ही तोंडांना प्लग लावा. मनपाची लाइन संपमध्ये वरून मोकळी पडू द्या. तिचं तोंड संपच्या ओव्हरफ्लोच्या पातळीपेक्षा पाइपच्या व्यासाच्या दुप्पट उंच हवं, आणि कोणत्याही परिस्थितीत २५ मिलिमीटरपेक्षा कमी नको. म्हणजे १ इंची पाइपाला निदान ५० मिलिमीटर. ही हवेची फट कधी झिजत नाही, अडकत नाही, कुणी विसरलं म्हणून उघडी राहत नाही. पाणी हवेतून उलटं उडी मारू शकत नाही. बोअरसाठी वेगळी टाकी करा आणि तिचं पाणी फक्त फ्लश व झाडांना द्या, स्वयंपाकघरात त्याचा एकही नळ नको. मीटरनंतर एनआरव्ही हवा तर जरूर बसवा, पण जादाची राखण म्हणून.

संप उघडलाच आहे तर हेही पाहा: बॉलकॉकच्या (टाकी भरली की पाणी बंद करणाऱ्या तरंगत्या नळाच्या) खाली आवाज होऊ नये म्हणून प्लंबर पाइप तळापर्यंत नेऊन ठेवतात. तो कापून टाका. आणि ओव्हरफ्लो थेट गडरलाइनला जोडलेला असेल तर आजच्या आज सोडवा. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला तेव्हा पाणी लोकांच्या घरांत शिरलं होतं. संपचं झाकण जमिनीच्या पातळीला असलं की अशा पुरात नालीचं पाणी सरळ संपमध्ये उतरतं. झाकणाला चांगला उंच कठडा बांधून घ्या.

सिव्हिल_लाइन्स_७७
सगळ्यांकडे आरओ आहे आता. एवढी तोडफोड करण्यापेक्षा शेजाऱ्यांना आरओ घ्यायला सांगा.

निवृत्त_उपअभियंता
दादा, ज्यांच्या लाइनमध्ये आपलं पाणी जातंय त्यांनी खर्च करायचा? आणि आरओ एका नळाला असतो. दात घासणं, भांडी, बाळाची आंघोळ बाकीच्या नळांवरच होते. मशीनची मेंब्रेन जुनी झाली तर तीही भरवशाची नाही.

शुभदा_ताई
कूलरबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. नागपूरच्या मे महिन्यात प्रत्येक बाल्कनीत कूलर असतो आणि नळाला लावलेला पाइप त्याच्या टाकीत बुडवून ठेवलेला असतो. त्या पाण्यात खस सडलेली, डासांच्या अळ्या, वर कुणी फिनाइल टाकतं. नळ जाता जाता पोकळी झाली तर ते सगळं लाइनमध्ये. पाइप टाकीच्या काठावर वायरने बांधा, तोंड पाण्याच्या वर राहील असं. टॉयलेटमधल्या जेटचंही तसंच, तो बादलीत पडू देऊ नका. आमच्या इमारतीत मी प्रत्येक मजल्यावर जाऊन हे सांगते, बायका लगेच ऐकतात.

मानेवाडा_सोसायटी
काका, ताई, फार उपकार. टी काढायचं पक्कं झालं, येत्या रविवारी काम. दोन शंका. एक, आमचंच पाणी जात होतं हे शेजाऱ्यांना आणि सभेला कसं दाखवू? दोन, गल्लीत तीन घरी टिल्लू पंप आहेत, ते म्हणतात पंप आमचा, वीज आमची.

निवृत्त_उपअभियंता
टी कापायच्या आधी दाखवा. नळ बंद असलेल्या वेळी बोअर चालवा आणि मीटर पाहा, साध्या मीटरचा काटा उलटा फिरताना दिसू शकतो. शिवाय टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) घ्या, स्वस्तात मिळतं. बोअरचं पाणी, शेजारच्या नळाचं पहिल्या मिनिटाचं पाणी आणि दहा मिनिटांनंतरचं पाणी मोजा. पहिलं पाणी बोअरच्या आकड्याकडे झुकलं तर कुणी वाद घालणार नाही. ओटी (ऑर्थोटोलिडिन) चाचणीही करा, पाण्यात क्लोरीन असेल तर तिच्यात पिवळा रंग येतो. शेवटच्या नळाला निदान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर क्लोरीन उरलेलं हवं. दुसऱ्या गल्लीत पिवळा रंग येतो आणि तुमच्या गल्लीत येत नाही, तर कुठून तरी दूषित पाणी शिरतंय असं समजा.

टिल्लू पंप थेट लाइनला लावणं बेकायदा आहे, मनपा ते जप्त करते. पण भांडण सुरू करण्याआधी त्यांना सांगा की पंप ओढतो तेव्हा भेगेतून पहिलं घाण पाणी त्यांच्याच घरात येतं. पाणी चढवायचं तर आधी संप, मग संपमधून पंप. तरी ऐकलं नाही तर झोन ऑफिसला सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज द्या.

काम झाल्यावर संप आणि टाक्या धुऊन क्लोरीन टाका. नमुना शासनाच्या प्रादेशिक सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेत द्या, बाटली तिथूनच घ्या. तिच्यात क्लोरीन मारणारं रसायन घातलेलं असतं, म्हणून विसळू नका. नळ दोन मिनिटं सोडून मग भरा, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवा. १०० मिलिलिटरमध्ये ई-कोलाय एकही सापडता कामा नये. एक नमुना शेजाऱ्यांच्या नळाचाही घ्या, त्याचे पैसे सोसायटीने भरावेत.