पन्नास शब्दांआधी फलाटावरचे चार
स्पेनला, माद्रिदला जाणाऱ्या एकांनी विचारलंय, प्रवासापुरते पन्नास स्पॅनिश शब्द लक्षात कसे ठेवायचे? घोकू नका. सोलापूर स्टेशनवर हुतात्मा एक्सप्रेसची वाट बघताना फलाटाला 'आन्देन', डब्याला 'कोचे', रुळाला 'बिया' म्हणा (हो, बियाच! स्पॅनिशमध्ये 'व्ही'चा उच्चार 'ब' होतो). 'रेत्रासो' म्हणजे उशीर; त्यात त्रास आहेच.

चूक होते ती 'सालीदा'ला. पाटीवर बाण असेल तर बाहेरचा रस्ता, बोर्डावर वेळांसोबत 'सालीदास' असेल तर सुटणाऱ्या गाड्या. आकडे मात्र कानानेच पक्के करा: 'दोस' 2, 'दोथे' 12. नाहीतर घाईत चुकीच्या डब्यात चढाल. जाण्या-येण्याचं तिकीट 'इदा इ बुएल्ता'. तिकिटाला स्पेनमध्ये 'बियेते', मेक्सिकोत 'बोलेतो'.