प्रतिसाद: गिरणीच्या जुन्या वह्या
वर कोणीतरी म्हटलंय की अमेरिकेतल्या दक्षिणेकडच्या कापड गिरण्यांच्या जुन्या वह्यांत नुसती आकडेमोड असते, मला अजिबात पटत नाही. साउथ कॅरोलायनातली ग्रॅनिटविल गिरणी घ्या, विल्यम ग्रेगने १८४५ साली कंपनी काढली, कामगार बहुतेक आसपासच्या गरीब गोऱ्या कुटुंबांतले, घरं कंपनीची, दुकान कंपनीचं, दारूला बंदी आणि पोरं शाळेत नाही पाठवली तर आईबापांना दंड! अशा गावात हजेरीपट, घरभाडं, दुकानाची उधारी एकत्र लावून वाचली की घराघराचा हिशोब कळतो.

आणि त्याच राज्यातल्या कोलंबिया शहराजवळच्या सलुडा गिरणीत तर गुलाम राबत होते. गुलाम भाड्याने घेतला की पैसे त्याच्या मालकाला जायचे, राबणाऱ्याला नाही. हे आकडे वाचायलाच हवेत.