तलावाकाठी पक्षी पाहायला मनोरा बांधायचा आहे, उंची किती ठेवावी?

पाणकावळा_नागपूर
नमस्कार मंडळी. उमरेडच्या बाजूला एक जुना मालगुजारी तलाव आहे, म्हणजे पूर्वीच्या मालगुजारांनी (जमीनदारांनी) बांधलेला, मागं राखलेलं गवत आणि त्याच्यामागं सागाचं जंगल. गावची समिती आणि आम्ही तीन-चार नागपूरचे लोक मिळून तिथं निरीक्षण मनोरा बांधायचा विचार करून राहिलो. मी आर्किटेक्ट आहे पण आजवर घरं न् दुकानंच केली. डोक्यात असं होतं की तलावाच्या पाळीवर (बांधावर), जिथून सगळं पाणी एका नजरेत दिसतं, तिथं ४५ फुटांचा लोखंडी मनोरा उभा करायचा, वर पत्र्याचं छप्पर, १५ जण मावतील एवढी जागा. परवा बैठकीत नकाशा दाखवला तं एक आजी म्हणाल्या, बाबा, तलाव आमचा, अन् एवढं उंच आम्ही चढावं कसं? तेव्हापासून मी अडकलो. उंची किती पाहिजे, आणि लोखंड घेऊ की लाकूड?

पाया_पक्का
उंचीचं नंतर बोलू, आधी पाळीवरून खाली उतरा दादा. मालगुजारी तलावाची पाळ मातीची असते, त्यात पायासाठी खड्डे केले की पाण्याला वाट मिळते, आणि दोन पावसाळ्यांनी तिथून पाझर लागला तर गावाचा तलावच जाईल. ही एक गोष्ट कोणाच्याही आग्रहाखातर सोडू नका.
दुसरं, खालची जमीन काळी असणार. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्यामुळं चार पायांपैकी एक जरी कमी-जास्त उचलला गेला तर मनोरा कलतो. भेगा जिथपर्यंत जातात त्याच्या खाली, मुरूम नाही तर खडक लागेपर्यंत पाया न्या, खोल गेलं तर अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे तळाशी फुगीर केलेले काँक्रीटचे खांब, करा. आणि खड्डा परत काळ्या मातीनं भरू नका, मुरूम भरा. माती तपासल्याशिवाय ड्रॉइंग काढायचं नाही.
वाऱ्यासाठी नागपूरचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरतात, म्हणजे चौरस मीटरला साधारण १२० किलो दाब. पत्र्याच्या छपराला तो खालून उचलतो, म्हणून छप्पर लहान ठेवा आणि पायाचं वजन पुरेसं घ्या. वरच्या मजल्यावर चौरस मीटरला ५०० किलो भार धरा, १५ लोक म्हटलं तरी काही दिसलं की सगळे एकाच कठड्याला जातात. कठडा १.२ मीटर, बारमधली फट १० सेंटिमीटरच्या आत, लहान लेकरं येणार आहेत. सांगाडा लोखंडाचाच करा पण जस्त चढवलेला, लाकडाला इकडे वाळवी सोडत नाही. वीज पडते म्हणून तडितवाहक आणि अर्थिंग पहिल्या दिवसापासून धरा.

टिबुकली
मी पंधरा वर्षं हिवाळ्यात तलाव पाहतेय म्हणून पोटतिडकीनं लिहिते. पाळीवर उंचावर माणूस उभा राहिला की आभाळावर त्याची काळी आकृती दिसते, आणि पट्टकादंब किंवा चक्रवाक शंभर-दोनशे मीटरवरून उठून जातात. मागं झाडं असतील तर तीच आकृती विरून जाते. म्हणून जागा झाडांच्या कडेला हवी, तीही दक्षिण काठावर, तोंड उत्तरेला, म्हणजे हिवाळाभर ऊन पाठीवर राहतं आणि पक्ष्यांचे रंग नीट दिसतात. तुमची पाळ पूर्वेला असेल तर तिथून संध्याकाळी फक्त चमकणारं पाणी दिसेल.
उंचीचं म्हणाल तर ४५ फुटांवरून शेकाट्या पाण्यावरच्या ठिपक्यासारखा दिसतो, त्याचे ते लांब गुलाबी पाय दिसतच नाहीत. गवत आणि पाणवनस्पतींच्या पलीकडचं दिसावं एवढंच हवं असेल तर १२ ते १५ फूट भरपूर झालं. कठड्याऐवजी छातीपर्यंत आडव्या फळ्या आणि त्यात बघायला लांबट फट ठेवा, हात हलले तरी बाहेर दिसत नाहीत. काच लावू नका, पक्षी धडकून मरतात. आणि पायऱ्या चेकर्ड प्लेटच्या, म्हणजे उठावदार नक्षीच्या लोखंडी पत्र्याच्या, नकोत हो! बूट पडला की ठण्ण आवाज सगळ्या तलावावर जातो. लाकडी फळ्या ठेवा.
हा तलाव पाणथळ म्हणून जाहीर झाला असेल तर सरासरी उच्चतम पूररेषेपासून ५० मीटरच्या आत पक्कं बांधकाम २०१७ च्या नियमांनुसार चालत नाही, ते आधी विचारून घ्या.

जंगलवाट
राजेहो, आग्यामोहोळाचं कोणी बोललंच नाही. मी गाइडचं काम करतो. एका मचाणीच्या स्लॅबखाली पोळं होतं, वर पाहुणे होते, कोणीतरी अगरबत्ती लावली अन् जे झालं ते आठवलं तरी अंगावर काटा येतो, दोघांना दवाखान्यात न्यावं लागलं. मोठी सपाट आडवी बाजू खालून मोकळी दिसली की माश्या तिथंच पोळं लावते. म्हणून रोज सकाळी खालून वर पाहून मंगच लोकांना चढवायचं, पोळं असलं तं मनोरा बंद, जाळायचं नाही. अन् उतरायला दुसरा जिना ठेवा भाऊ, एकाच जिन्यावर घाबरलेले लोक एकमेकांवर पडते. मे महिन्यात पत्रा तापून कोणी बसत नाही, वर गवताचं शाकारणं करा.

पाणकावळा_नागपूर
सगळ्यांचे मनापासून आभार. पाळ सोडली. काल आजींना घेऊन दक्षिण काठावर गेलो, तिथं ऐनाची चार मोठी झाडं आहेत, त्यांच्या पुढं जागा धरली. वरचा मजला १४ फुटांवर, दोन जिने, आणि जमिनीच्या पातळीला वेगळा आडोसा, त्याला १२ ला १ चढाची वाट, म्हणजे चाकाची खुर्चीही जाईल. माती तपासायला नमुने पुढच्या आठवड्यात घेतो.
आजींना प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून डोळ्यांची उंची मोजली, ९८ सेंटिमीटर निघाली. खालची फट तिथंच काढतो.