कार्थी यांच्या गिटारचा सुरमेळ

इंग्लिश लोकगायक आणि गिटारवादक मार्टिन कार्थी यांचा नवा अल्बम म्हणजे त्यांच्या १९६५च्या पहिल्या अल्बमची निव्वळ उजळणी आहे, असे मत या अल्बमच्या चर्चेत मांडले गेले; ते मला मान्य नाही. मे २०२५मध्ये, त्यांच्या ८४व्या वाढदिवशी आलेल्या या अल्बमात गाणी बहुतांशी जुनी असली, तरी ती पुष्कळ संथ आणि मोकळी झाली आहेत. ब्रिटनमधील मर्क्युरी या अल्बम-पुरस्काराच्या नामांकन यादीत आलेले ते आजवरचे सर्वांत वयोवृद्ध कलावंत ठरले, ते केवळ वयाच्या आदरापोटी नव्हे.

त्या चर्चेत त्यांच्या सुरमेळाचा, म्हणजे गिटारच्या तारा सुरांत लावण्याच्या पद्धतीचा, उल्लेख मात्र राहून गेला. कार्थी गिटारच्या तारा खर्जाकडून सी, जी, सी, डी, जी, ए या पाश्चात्त्य स्वरांत लावतात. सी हा षड्ज मानला, तर या मोकळ्या तारांमध्ये गंधार येतच नाही, कोमल नाही आणि शुद्धही नाही. त्यामुळे जुन्या इंग्रजी लोकधुनांना मेजर (शुद्ध गंधाराच्या) किंवा मायनर (कोमल गंधाराच्या) या पाश्चात्त्य स्वरसप्तकांच्या चौकटीत बसवावे लागत नाही आणि खालच्या तारा तंबोऱ्यासारखा आधार देत राहतात. ‘स्कारबरो फेअर’ या इंग्रजी लोकगीताच्या नव्या ध्वनिमुद्रणात सतारवादक निखिल बॅनर्जी यांच्याकडे शिकलेल्या शीमा मुखर्जी यांची सतार इतकी सहज मिसळते, याचे मोठे कारण मला या सुरमेळातच दिसते. ‘इमॅजिन्ड व्हिलेज’ या वाद्यवृंदात कार्थी आणि मुखर्जी यांनी पूर्वी एकत्र वादन केले होते, हेही लक्षात घ्यावे.