‘डिफरंट ट्रेन्स’: दुःखाचं संगीत की दुसऱ्याच्या साक्षीची कापाकापी?

भुसावळकर: अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइशची १९८८ची ही रचना काल रात्री पुन्हा ऐकली. राइश वर्षाचा असताना आईवडील वेगळे झाले. आई लॉस एंजेलिसला, वडील न्यूयॉर्कला. १९३९ ते १९४२ हे पोर सांभाळणाऱ्या बाईसोबत आगगाडीने देश ओलांडत राहिलं. पुढे त्याच्या मनात आलं, आपण ज्यू. तेव्हा युरोपात असतो तर वेगळ्याच गाड्यांत कोंबले गेलो असतो. त्या बाईचा, रेल्वेतल्या पोर्टरचा, छळछावण्यांतून वाचलेल्यांचा टेपवरचा आवाज तुकड्यातुकड्यांनी येतो आणि व्हायोलिन, व्हिओला, चेलो ही तंतुवाद्यं त्या बोलण्याचाच सूर उचलतात.

माझे वडील रेल्वेत गार्ड होते. मी आठ वर्षांचा असताना गेले. क्वार्टरमध्ये शिट्टी ऐकू आली की आई चुलीपासून विचारायची, ‘आली का रे गाडी?’ वडील गेल्यावरही कितीतरी महिने विचारायची, सवयीनं. चेलो वाजला की मला तेच ऐकू येतं. याहून खरं संगीत मी ऐकलेलं नाही.

असोद्याची लेक: दादा, आईचं वाचून गलबलून आलं. तरी पटलं नाही. आमच्या बहिणाबाई तिसाव्या वर्षी विधवा झाल्या. अक्षरओळख नव्हती, पण दुःख ओवीत बसवलं, म्हणून ते दुसऱ्या बाईलाही गाता आलं. इथे छावणीतून वाचलेल्या माणसाचं अर्धं वाक्य तोडून घोळवत ठेवलंय. साक्ष ही चाल लावायची वस्तू नाही.

अमळनेरचा भाऊ: ताई, मयताच्या घरी बाया हेल काढून रडतात तेव्हा काय असतं? ‘माय व माय’, एवढंच, पुन्हा पुन्हा. वाक्य पूर्ण कर असं कुणी म्हणतं का? ओवी फार नंतर सुचते.

असोद्याची लेक: ती बाई आपल्या माणसासाठी रडते, भाऊ. तिचं रडणं तिसरा कुणी कापत नाही.

भुसावळकर: हे मान्य. दुसऱ्या भागात युद्धाचे भोंगे सुरू झाले की मीही अस्वस्थ होतो. पण त्यातल्या गाड्यांच्या शिट्ट्या ऐका, ताई. अमेरिकेच्या लांब, सुरात धरलेल्या. युरोपच्या तुटक, किंचाळणाऱ्या. रेल्वेच्या पोराला हे सांगावं लागत नाही. आईचा आवाज माझ्याकडे टेपवर नाही. असता तर त्याला कात्री लावली असती का, हे मला अजून ठरवता येत नाही.