पुन: पोर्टलंड ते बॉइसी – आय-८४ की नदीपलीकडचा १४?

प्रेषक: बीव्हर्टन

नमस्कार मंडळी,

मेच्या पहिल्या आठवड्यात दोन गाड्या आणि भाड्याची एक आरव्ही (आत राहायची सोय असलेली मोठी गाडी) घेऊन आम्ही पोर्टलंडहून आयडाहोतल्या बॉइसीला निघतोय. आई-बाबा भारतातून आलेत, त्यांना कोलंबिया नदीची दरी नीट बघायला मिळावी अशी फार इच्छा आहे. मॅप मात्र सरळ ऑरेगनच्या काठावरचा आय-८४ हायवे दाखवतो. वॉशिंग्टनच्या काठावरच्या हायवे १४ ने गेलं तर वेळ किती वाढेल? आणि आरव्हीला तो रस्ता झेपेल का?

प्रेषक: कॅमस

नमस्कार,

जाताना १४ आणि येताना ८४ घ्या, उलटं करू नका. दोन्ही रस्ते नदीला लागूनच आहेत, पण आपण इथे उजवीकडून गाडी चालवतो. पूर्वेला जाताना १४ वर नदी आपल्या उजव्या हाताला येते. थांबायच्या जागाही त्याच बाजूला, म्हणजे समोरून येणाऱ्या गाड्या न ओलांडता बाजूला घेता येतं आणि तसंच पुन्हा रस्त्याला लागता येतं. त्याच दिशेने ८४ वर गेलात तर नदी डावीकडे, मधे पश्चिमेला जाणाऱ्या लेन. आईबाबांना दिसेल ते ट्रकांच्या फटीतून. दुसरं म्हणजे माउंट हूड हा बर्फाच्छादित पर्वत. तो ऑरेगनमध्ये असला तरी दरीतून बघायचा तर पलीकडच्या काठावरूनच. व्हाइट सॅमन-बिंजेनच्या आसपास समोर उभा दिसतो. खाली ८४ वरून जाताना तो जवळच्या डोंगरांच्या मागे दडतो.

वेळेचं गणित असं. ८४ चे एक्झिट नंबर पोर्टलंडपासूनचे मैल सांगतात. बिग्ज हा एक्झिट १०४, म्हणजे तिथवर साधारण पावणेदोन तास. १४ ने समोरच्या मेरीहिलपर्यंत अंतर जवळपास तेवढंच, पण वॉशूगलनंतर रस्त्याला जायला एक आणि यायला एक अशीच लेन उरते आणि प्रत्येक गावात वेग कमी करावा लागतो. न थांबता पाऊण तास जास्त धरा. थांबलात तर दोन तास सहज जातात. बॉइसी एकूण सव्वाचारशे मैलांच्या पुढे आहे आणि तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा एक तास पुढे, हे विसरलात तर मुक्कामाला पोचायला रात्र होईल. सकाळी सहाला गाड्या हलवा.

या मार्गाचा मोठा फायदा म्हणजे मधेच सोडता येतो. नदीवर चार पूल आहेत: एक्झिट ४४ ला ब्रिज ऑफ द गॉड्स, ६४ ला हूड रिव्हर, ८७ ला द डॅल्स आणि १०४ ला बिग्ज. उशीर होतोय असं वाटलं की पुढच्या पुलावरून ८४ वर या. पहिल्या दोन पुलांना टोल आहे, पुढच्या दोनांना नाही. टोलची रक्कम आणि भरायची पद्धत आदल्या दिवशी बघून ठेवा.

वेळ फारच कमी असेल तर ८४ ने एक्झिट ४४ पर्यंत या, पूल ओलांडा आणि स्टीव्हनसन ते लाइल एवढाच पट्टा १४ ने करून ८७ च्या पुलावरून परत या. माझ्या मते दरीचं सगळं रूप याच पट्ट्यात आहे. कॅस्केड लॉक्सला वर्षाला सत्तर इंचांहून जास्त पाऊस पडतो, द डॅल्सला पंधरा इंचसुद्धा नाही. चाळीस-पंचेचाळीस मैलांत देवदार-फरचं ओलं जंगल संपून गवताळ उघडे डोंगर सुरू होतात. मेच्या सुरुवातीला त्या उतारांवर पिवळी बाल्समरूट फुललेली असते. फुलांत शिरणार असाल तर पायघोळ पँट घाला. गोचिडी आहेत आणि पॉइझन ओक हे अंगाला लागलं की खाज आणणारं झुडूपही.

मॅपमध्ये नुसतं बॉइसी टाकू नका. प्रत्येक पुलापाशी तो तुम्हाला ८४ वर ओढत राहील. स्टीव्हनसन, बिंजेन, मेरीहिल असे थांबे घाला आणि नकाशा फोनवर उतरवून ठेवा, मधे सिग्नल जातो.

प्रेषक: हिल्सबरो

ताईंशी मी सहमत आहे, पण आरव्हीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण चूक झाली तर ती महागात पडते.

हूड रिव्हरचा पूल १९२४ सालचा. त्याची एक लेन ९ फूट ४ इंच रुंद आहे. आरव्हीची रुंदी साडेआठ फुटांपर्यंत असू शकते, म्हणजे दोन्ही बाजू मिळून उरले दहा इंच, आणि आरसे त्याच्याही बाहेर. समोरून ट्रक आला तर अंग चोरायला जागा नाही. आरव्ही त्या पुलावर नेऊच नका. द डॅल्स किंवा बिग्जचा पूल घ्या. हूड रिव्हर आणि ब्रिज ऑफ द गॉड्स या दोन्ही पुलांचा पृष्ठभाग लोखंडी जाळीचा आहे. चाकं गुणगुणतात, गाडी किंचित डुलते. घाबरून ब्रेक मारू नका, स्टिअरिंग हलकं धरा.

१४ वर व्हाइट सॅमनच्या अलीकडे बोगदे लागतात. छत कमानीचं असल्यामुळे मधे जी उंची मिळते ती कडेला मिळत नाही. भाड्याची आरव्ही ताब्यात घेताना छतावरच्या एसीसकट उंची विचारून डॅशबोर्डवर चिठ्ठी चिकटवा आणि बोगद्यावरच्या पाटीशी ताडून बघा. केप हॉर्नच्या थांब्यावर जेमतेम काही गाड्या मावतात, तिथे आरव्ही थांबवायचा विचार करू नका. बाकी दोन गाड्या थांबू द्या, आरव्हीने पुढे बीकन रॉकला जाऊन वाट बघावी. तिथे राज्य उद्यानाचा डिस्कव्हर पास लागतो.

वारा हा खरा प्रश्न आहे. कॅस्केड डोंगररांगेतून समुद्रसपाटीच्या पातळीवर आरपार गेलेली वाट ही एवढीच. पूर्वेकडची जमीन उन्हाने तापली की पश्चिमेची गार हवा या फटीतून आत खेचली जाते, आणि दुपारनंतर हूड रिव्हरजवळ ती सर्वांत जोरात वाहते. म्हणून आरव्हीने हा पट्टा सकाळी अकराच्या आत पार करावा. हिवाळ्यात वारा उलटा, पूर्वेकडून येतो. त्या गार थरावर पाऊस पडला की रस्त्यावर काचेसारखा बर्फ धरतो. तेव्हा १४ चा हट्ट नको.

पेट्रोल बिग्जला भरून घ्या, ऑरेगनमध्ये सहसा स्वस्त असतं. आणि चालवणाऱ्याचा दम राखून ठेवा, कारण पेंडल्टननंतर कॅबेज हिलचा वळणावळणाचा घाट अजून चढायचा आहे.

प्रेषक: बीव्हर्टन

काका, ताई, मनापासून आभार. जाताना १४ ने मेरीहिलपर्यंत, मग बिग्जचा पूल, असं ठरवतोय. आई-बाबांना फार चालवत नाही. कुठे थांबावं? आणि परतताना धबधबे जमतील का?

प्रेषक: कॅमस

दोन थांबे पुरेत. पहिला बॉनव्हिल धरणाचं वॉशिंग्टन बाजूचं केंद्र. आत काचेपलीकडे माशांची शिडी (माशांना धरण ओलांडून वर जाता यावं म्हणून केलेली पाण्याची वाट) दिसते, मेमध्ये वसंतातले चिनूक सामन मासे वर चढत असतात. बसायला जागा आणि स्वच्छतागृहही आहे. दुसरा मेरीहिलजवळचं काँक्रीटचं स्टोनहेंज, म्हणजे इंग्लंडमधल्या प्राचीन शिळावर्तुळाची प्रतिकृती. सॅम हिल या उद्योजकाने ते पहिल्या महायुद्धातल्या स्थानिक शहीद सैनिकांसाठी उभारलं, काम १९२९ साली पूर्ण झालं. गाडी अगदी जवळ जाते, तिकीट नाही.

द डॅल्सच्या वरच्या अंगाला नदी तळ्यासारखी शांत दिसेल. आई-बाबांना जरूर सांगा की तिथे सेलायलो धबधबा होता. मूलनिवासी लोक हजारो वर्षं तिथे सामन पकडत आणि दूरदूरच्या जमाती व्यापाराला येत. १० मार्च १९५७ ला धरणाचे दरवाजे बंद झाले आणि काही तासांत तो पाण्याखाली गेला.

परतताना ८४ वर नदी तुमच्या उजवीकडे असेल. एक्झिट ३५ ला बाहेर पडून जुना कोलंबिया रिव्हर हायवे पकडा. हॉर्सटेल, मल्टनोमा, वाकीना, लटूरेल हे धबधबे ओळीने लागतात आणि शेवटी क्राउन पॉइंटच्या कड्यावरचं व्हिस्टा हाऊस, दरी बघायची जुनी इमारत. आरव्ही मात्र या अरुंद रस्त्यावर आणू नका; ती ८४ ने थेट ट्राउटडेलला, एक्झिट १७ ला जाऊ दे. मल्टनोमाची वाहनतळ सकाळी लवकर भरते आणि उन्हाळ्यात एक्झिट ३१ च्या वाहनतळासाठी आधी वेळ राखावी लागू शकते. तारखा दरवर्षी बदलतात, निघण्यापूर्वी तपासा. ८४ वरून थेट येणाऱ्यांसाठी एक्झिट ३१ आहे, पण तो डावीकडून बाहेर पडतो. उजव्या लेनमध्ये असाल तर ऐनवेळी लेन कापू नका, पुढे निघून जा.

संध्याकाळी पश्चिमेला येताना सूर्य थेट डोळ्यांत येतो. द डॅल्सहून दुपारी तीनच्या आत निघालात तर धबधबेही उजेडात होतील.